प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिताना रोगाचे जंतू, ते शोधून काढणारे शास्त्रज्ञ आणि मृतांची संख्या यांनाच बहुधा अग्रस्थान दिले जाते. ज्याच्या दंडात सुई टोचली गेली त्या माणसाला मात्र या इतिहासात क्वचितच जागा मिळते. तो लस घेण्यास का आला, किंवा का आला नाही. त्याला कशाची भीती वाटली आणि कोणाच्या शब्दाने धीर आला, हे प्रश्न गौण मानले जातात. वस्तुतः ते गौण नाहीत. प्रयोगशाळेत लस कितीही गुणकारी ठरली, तरी माणसाने आपला दंड पुढे केल्याखेरीज तिचा काडीमात्र उपयोग होत नाही.

या दृष्टीने १८९६ मध्ये भारतात सुरू झालेल्या प्लेगच्या साथीचा अभ्यास उद्बोधक ठरतो. एकाच देशात, अवघ्या पाचसहा वर्षांच्या अवधीत, एकच लस काही ठिकाणी लोकांनी हजारोंच्या संख्येने टोचून घेतली, तर काही ठिकाणी तिचे नावही त्यांना नकोसे झाले. लस तीच असता लोकांच्या वागण्यात एवढे अंतर का पडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

साथीचे आगमन

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा मोठा उद्रेक झाला. तेथेच येर्सिन आणि किटासाटो या दोन संशोधकांनी या रोगाच्या जंतूचा शोध लावला. दोन वर्षांनी हा रोग मुंबईत पोहोचला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असे निदान केले. पुढील काही महिन्यांत लक्षावधी लोकांनी मुंबई सोडली. त्यांच्याबरोबर रोगही देशभर पसरला. पुढच्या पाव शतकात या रोगाने भारतात कोटीच्या आसपास माणसे दगावली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. प्लेगचा जंतू माहीत झाला होता. परंतु तो माणसाच्या शरीरात कोणत्या मार्गाने शिरतो हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसू हे त्याचे वाहन आहे, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांवरून प्रतिपादिले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत सरकारचा सारा रोख माणसांवर आणि त्यांच्या घरांवर होता. घरे धुऊन काढणे, सामानसुमान जाळणे, रोग्याला उचलून रुग्णालयात नेणे आणि त्याच्या घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत ठेवणे, हे उपाय मोठ्या कठोरपणे योजण्यात आले. लस लोकांपर्यंत पोहोचली ती अशा वातावरणात.

लस कशी तयार झाली

प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे मूळचे रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असता त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. पुढील वर्षी कलकत्त्याच्या वस्त्यांतून कॉलऱ्याची लस टोचण्याचे काम त्यांनी आरंभिले, तेव्हा प्रारंभी लोकांनी त्यांच्यावर दगडफेक केली. मग त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी, ज्यांत भारतीय डॉक्टरही होते, लोकांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. ते पाहिल्यावर लोकांचा पवित्रा हळूहळू बदलला. या प्रसंगाचे महत्त्व पुढे कळून येईल.

१८९६ च्या ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईत पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत, मोजक्या साहाय्यकांनिशी त्यांनी काम सुरू केले. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे, ते पुरेसे वाढल्यावर उष्णता देऊन मारायचे आणि त्या मृत जंतूंचा द्रव शरीरात टोचायचा, अशी ही पद्धत होती. जंतूंची वाढ जोमाने व्हावी म्हणून रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडलेले असत. त्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके छताला लोंबणाऱ्या झुंबरांप्रमाणे खाली उतरत. मृत जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. परंतु शरीर त्यांना ओळखून प्रतिकाराची तयारी करते, हे या लसीमागील तत्त्व होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना चांगलाच ताप भरला आणि टोचलेली जागा दुखू लागली. पण त्याहून अधिक काही झाले नाही. त्यानंतर कॉलेजातील अध्यापक व विद्यार्थी पुढे आले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना पुढे प्लेग झाला आणि त्यांतील ६ जण दगावले. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी राहिले. तुरुंगातील माणसाची संमती कितपत मोकळेपणाने दिलेली असते, हा प्रश्न आजचा वाचक विचारील आणि तो रास्तच आहे. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही.

सुईमागचा हात

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. साथीच्या निवारणासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याचा व्यापक अधिकार या छोट्याशा कायद्याने सरकारला दिला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली आणि गोरे शिपाई घरोघर शिरून रोग्यांचा शोध घेऊ लागले. माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत बूट पोहोचले. काखेत वा जांघेत गाठ आहे काय, हे पाहण्यासाठी स्त्रियांचीही तपासणी होऊ लागली. या जाचाने संतप्त झालेल्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

मुंबईतही असंतोष कमी नव्हता. १८९६ च्या ऑक्टोबरअखेर गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. १८९८ च्या मार्चमध्ये एका रुग्ण मुलीला घरातून हलविण्याच्या प्रयत्नावरून विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली.

लस घेण्याची सर्वसाधारण सक्ती सरकारने केलेली नव्हती. तथापि लस आणि सक्ती यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली, आणि ते स्वाभाविकच होते. काल ज्याने घराचे छप्पर उतरविले, अंथरुणे जाळली, त्याच सरकारचा माणूस आज सुई घेऊन दारी आला, तर त्याच्या हेतूविषयी संशय यावा यात नवल नाही. शिवाय लस घेतल्याचा दाखला ज्याच्याजवळ असेल त्याला छावणीत राहण्यापासून सूट मिळे. त्यामुळे कित्येकांनी लस घेतली ती प्लेगच्या भयाने नव्हे, तर छावणीच्या भयाने.

लस घेणे ही मोलमजुरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने साधी गोष्टही नव्हती. टोचल्यानंतर ताप भरे, दंड सुजे आणि एकदोन दिवस हात उचलणे कठीण होई. हातावर पोट असलेल्या माणसाला एवढा खाडा परवडणारा नव्हता. ताप हे शरीर तयारीला लागल्याचे लक्षण आहे, हे त्याला कोणी नीट समजावून सांगितले नसेल, तर धडधाकट माणसाला सुईने आजारी पाडले, एवढेच त्याच्या लक्षात राहत असे.

अफवांचे मर्म

लसीसंबंधी उठलेल्या अफवा आज वाचताना हसू येण्याचा संभव आहे. रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या शरीरातून मोमियाई काढतात, असे मुंबईत बोलले जाई. लसीत गाईची आणि डुकराची चरबी आहे, असाही बोलवा होता. पंजाबात तर सुई गजभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, वाचलाच तर सहा महिन्यांनी कोसळतो, पुरुषांचे पौरुष जाते व स्त्रिया वांझ होतात, अशा कंड्या पिकल्या होत्या.

परंतु या अफवांकडे केवळ अज्ञानाचा मासला म्हणून पाहणे योग्य होणार नाही. त्यांचा उगम शोधला तर प्रत्येकीच्या मुळाशी एक खरा प्रश्न आढळतो. या द्रवात काय आहे? तो आमच्या धर्माला, संततीला आणि शरीराला अपाय तर करणार नाही ना? तो देण्यामागे सरकारचा हेतू काय? या प्रश्नांची उत्तरे लोकांच्या भाषेत, लोकांना विश्वास वाटेल अशा तोंडून मिळाली नाहीत, म्हणून ती पोकळी अफवांनी भरून काढली. लसीसाठी तुपाचा उपयोग होतो, ही साधी गोष्ट प्रत्येक वस्तीत सांगितली गेली असती, तर चरबीविषयीच्या बोलव्याचा जोर पुष्कळ ओसरला असता.

विश्वास कोठे बसला

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. मुंबईतील खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान तिसरे त्या वेळी अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली, आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. पुढे हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला ‘खुश्रू लॉज’ हा बंगलाही दिला. परिणामी या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. ज्या माणसावर लोकांची श्रद्धा होती त्याने आपल्या शरीराची हमी दिली होती. सरकारी जाहीरनाम्यापेक्षा ही हमी अधिक मोलाची ठरली.

बडोद्याजवळील उंडेरा या गावचा अनुभव निराळ्या प्रकारचा आहे. सुमारे हजार वस्तीच्या या गावात प्लेग शिरला असता, १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन यांनी कुटुंबागणिक साधारण निम्म्या माणसांना लस दिली. काही आठवड्यांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, लस घेतलेल्यांपैकी ८ जणांना प्लेग होऊन ३ दगावले. न घेतलेल्यांपैकी मात्र २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील २६ मृत्युमुखी पडले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या भावाभावांत दिसलेला हा फरक होता. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो एक उत्तम प्रयोग ठरला. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र त्या आकड्यांत त्यांची स्वतःची माणसे होती. लस पूर्ण संरक्षण देत नाही. परंतु मृत्यूची शक्यता पुष्कळ कमी करते, हे त्यांना कोणाच्या सांगण्यावरून मानावे लागले नाही.

तिसरे उदाहरण हुबळीचे. आज कर्नाटकात असलेले हे शहर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८९८ मध्ये तेथे साथ भडकली असता डॉ. ल्यूमन यांच्या देखरेखीखाली लस टोचण्याची मोठी मोहीम झाली. सुमारे पन्नास हजार वस्तीपैकी ३८ हजारांच्या आसपास लोकांनी लस घेतली. अशी व्यापक मोहीम त्यापूर्वी देशात झालेली नव्हती. लस घेतलेला शेजारी वाचतो आणि न घेतलेला जातो, हे दररोज डोळ्यांनी दिसत असल्यावर अफवेचे फारसे चालत नाही.

एका बाटलीची किंमत

विश्वास संपादन करण्यास वर्षे लागली. तो ढासळण्यास एक बाटली पुरली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लसीकरणाची प्रचंड मोहीम हाती घेतली. ३० ऑक्टोबर रोजी मलकोवाल या गावी १०७ लोकांना लस देण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. काही दिवसांतच त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्वच्या सर्व दगावले. या १९ जणांना ‘५३-एन’ या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस दिली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही अपाय झाला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. दोष प्रयोगशाळेचा की गावातील हाताळणीचा, हा वादाचा मुद्दा होता. बाटली भरतानाच दूषित झाली असावी, असा ठपका ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला, ही गोष्ट पुराव्यातच नमूद होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. अखेर त्यांना दोषमुक्त करून पुन्हा भारतात नेमणूक देण्यात आली. ज्या परळच्या प्रयोगशाळेतून त्यांना जावे लागले होते तिला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

शास्त्रज्ञाला न्याय मिळाला. पण पाच वर्षे उशिरा. मलकोवालच्या १९ कुटुंबांना त्याने काय मिळाले, याची नोंद या इतिहासात सहसा आढळत नाही. पंजाबातील मोहिमेला जो धक्का बसला तोही भरून निघाला नाही. पूर्वी जी अफवा होती, की टोचताच माणूस मरतो, तिला आता एका गावाचे नाव मिळाले होते. चौकशी लांबत गेली, दोष एकमेकांवर ढकलला गेला आणि नेमके काय घडले हे लोकांना सरळ शब्दांत कोणी सांगितले नाही. अपघातापेक्षाही या मौनाने अधिक नुकसान केले, असे म्हणावयास हरकत नाही.

सव्वाशे वर्षांनंतर

प्लेगच्या साथीतील हे अनुभव जुने झाले, असे मानण्याचे कारण नाही. २०२० मध्ये कोविड-१९ ची जागतिक साथ आली तेव्हा भारतातील राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चाच होता. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरण सुरू झाले आणि जुन्या काळचे बहुतेक प्रसंग नव्या वेषात पुन्हा दिसू लागले.

उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात २०२१ च्या मे महिन्यात लसीकरणाचे पथक गावात येताच काही ग्रामस्थांनी शरयू नदीत उड्या टाकल्या. त्याच महिन्यात शहरांतील तरुण मंडळी भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. कारण १८ ते ४४ या वयोगटासाठी नावनोंदणी संगणकीय व्यवस्थेवरच करावी लागे आणि उपलब्ध जागा क्षणार्धात संपून जात. एप्रिलच्या अखेरीस लसीच्या तुटवड्यामुळे मुंबईतील केंद्रे काही दिवस बंद ठेवावी लागली होती. एकीकडे लस दारी आली असता पळणारे आणि दुसरीकडे लसीसाठी दूरच्या खेड्यातील केंद्रापर्यंत जाणारे, असे हे परस्परविरोधी चित्र होते. ज्याच्याजवळ साधन नाही त्याला व्यवस्थेने दूर ठेवले, आणि ज्याच्याजवळ माहिती नाही त्याला भीतीने.

दाखल्याचीही पुनरावृत्ती झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्यांतून सर्वसामान्यांना प्रवासाची मुभा मिळाली ती दोन मात्रा पूर्ण झालेल्यांना. छावणीतून सुटण्यासाठी लस घेणारा १८९८ चा माणूस आणि कामावर जाता यावे म्हणून लस घेणारा २०२१ चा माणूस यांच्यातील नाते उघड आहे. दोघांनाही लसीचा लाभ झाला. परंतु दोघांच्याही संमतीत पोटाच्या प्रश्नाचा वाटा होता.

तथापि या वेळी काही गोष्टी निराळ्या घडल्या. गावातल्याच आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका घरोघर गेल्या. ओळखीच्या बाईने, आपल्याच बोलीत, ताप येईल पण दोन दिवसांत उतरेल, असे सांगितल्यावर पुष्कळांची भीती गेली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील मात्रांची संख्या शंभर कोटींवर पोहोचली आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटींवर. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला आहे. लसीमुळे होणाऱ्या अपायांची नोंद लोकांना व डॉक्टरांना करता यावी आणि ती माहिती जनतेसमोर यावी, असेही न्यायालयाने बजावले. मलकोवालच्या वेळी नेमकी याच गोष्टीची उणीव होती.

समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लस नाकारणारा माणूस बहुधा विज्ञान नाकारीत नसतो. ती लस आणणाऱ्या हाताविषयी तो निर्णय देत असतो. पुण्यात तो हात घर झडणाऱ्या शिपायाचा वाटला, खोजा समाजात तो आपल्या धर्मप्रमुखाचा होता, उंडेऱ्यात तो वाचलेल्या भावाचा होता. लसीतील जंतू सर्वत्र सारखेच होते.

म्हणून साथीच्या काळात लोकशिक्षणाचे काम लसीच्या शोधाइतकेच निकडीचे मानले पाहिजे, आणि ते साथ येण्यापूर्वीच सुरू झाले पाहिजे. लसीत काय आहे, ती टोचल्यावर काय होईल, किती संरक्षण मिळेल आणि क्वचित अपाय झाल्यास दाद कोठे मागावी, एवढ्या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे प्रत्येक नागरिकाला मिळण्याचा हक्क आहे. मजुराला त्या दोन दिवसांचा रोज बुडणार असेल, तर त्याचीही सोय विचारात घ्यावी लागेल. ज्या समाजात ही उत्तरे वेळेवर मिळतात, तेथे अफवेला पाय रोवण्यास जागा राहत नाही. आणि जेथे ती मिळत नाहीत, तेथे उत्तमातील उत्तम लसही बाटलीतच पडून राहते.